मांडी घालता येत नाय

हे किस्से मी मनातल्या मनात इतक्या वेळा सांगितलेत, की त्यांतलं घडलेलं किती आणि माझं किती, याची आता खात्री नाही. माझी नर्स सुनंदा आज असती तर तिला विचारलं असतं. पेणला माझा हाडांचा दवाखाना होता, मंगळवारी रोह्याला जायचो. आयुष्यभर दुखरे खुबे तपासले, किस्से साचणारच!

मिठागरात राबलेल्या एका आजीचा डावा खुबा झिजलेला. काठी उजव्या हातात धरा म्हटलं. तिनं सुनंदाकडे वळून विचारलं, "दुखतंय हिकडं नि काठी तिकडं? डॉक्टर दमले काय गो?" पुढच्या वेळी खिडकीतून पाहिलं, तर दवाखान्याच्या पायरीवर तिनं काठीचा हात बदलला. गावात लोक हसतात म्हणे. मग इथे तरी उजव्या हातात कशाला, मी विचारलं. "तुम्हाला वाईट वाटाया नको."

कासू गावच्या एका म्हाताऱ्याला उकिडवं बसायला बंदी केली, संडासासाठी कमोडची खुर्ची घ्यायला लावली. महिन्याने रोह्याला भेटला. खुर्ची घेतली, ओटीवर ठेवली, म्हणाला. "जावई आला की त्याला देतो बसाया."

जोहे गावचा दत्ताराम गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायचा. मूर्तीसमोर मांडी घालून बसला, की दोन्ही डोळे पुरे झाल्याशिवाय उठायचा नाही. गुडघा दुखतो म्हणून आला. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ. मी गोळ्या दिल्या, शेक दिला. त्याची बायको यशोदा दर खेपेला सांगायची, "डॉक्टर, यांना मांडी घालता येत नाय." मी म्हणायचो, गुडघा दुखतोय, कशी येईल?

खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. हे मी कधीकाळी विद्यार्थ्यांना शिकवत होतो. दत्तारामला आडवं करून पाय आत वळवून पाहायला मला सहा महिने लागले. पाय वळेना. खुब्यातल्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो चपटा झाला होता.

चिठ्ठी न लिहिता, नुसता पत्ता देऊन मी त्याला मुंबईला पाठवलं; तिथे माझ्या वर्गमित्राने खुबा बदलला. दत्ताराम आता स्टुलावर बसून, मूर्ती उंच टेबलावर ठेवून आखणी करतो. पण मित्र पहिला प्रश्न काय विचारणार, ते मला माहीत होतं : सहा महिने तू काय बघत होतास? मी त्याचे फोन टाळले, बॅचच्या स्नेहसंमेलनांना गेलो नाही. पुढे बोलावणीही थांबली.

दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाल्यावर दत्ताराम घरी आला, दुसरा खुबा दाखवायला. यशोदेने जुनी फाईल काढली. "तिकडचे डॉक्टर यांना लय ओरडले होते," ती सहज म्हणाली. दत्ताराम चहा फुंकत बसला.

मी चष्मा पुसून पहिलं पान वाचलं. अक्षर मित्राचंच होतं. सहा महिन्यांपासून गुडघेदुखी. आधीचे उपचार : काही नाहीत. रुग्ण म्हणतो, कुठल्याच डॉक्टरकडे गेलो नाही.