अवं नावाची बोट

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आले, हे आधीच कबूल करते. नागपूरजवळ कळमेश्वरच्या एका शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. पाणी शिंपडलं की पेटणारा नारळ, लिंबातून निघणारं रक्त... हे सगळं वर्गात स्वतः करून दाखवलं आणि पोरांना त्यामागचं रसायनही समजावलं. आमच्या कॉलनीत कोणाच्या अंगात आलं की बायका मला मुद्दाम बोलवत नसत. मी जाऊन नाडी मोजेन आणि सगळी मजा घालवेन, ही भीती! तर अशी मी. आता हे वाचून माझे जुने विद्यार्थी हसणार असतील तर हसोत. घडलं तसं, क्रमाने लिहिते.

आमचे हे कोराडीच्या वीज केंद्रात कोळसा विभागात होते. त्या यंत्रांच्या धडधडीत तीस वर्षं बोलून बोलून त्यांचा आवाजही तसाच झालाय. मी शेजारच्या खोलीत असले तरी हाक अशी येते, जणू मी सीताबर्डीला खरेदी करते आहे. आणि हाक एकच — "अवं!" पुण्याकडे 'अगं' म्हणतात ना, तसं आमच्याकडे 'अवं'. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण माझं नाव त्यांच्या तोंडून मी दोनदाच ऐकलं. एकदा लग्नात उखाणा घेताना, आणि एकदा बँकेत नॉमिनीचा फॉर्म भरताना.

त्यांचे छंद दोन. एक, रविवारी तलावाच्या काठावर गळ टाकून बसणं. दुसरा, खर्रा. नागपूरकरांना खर्रा सांगायला नको, बाकीच्यांनी एवढंच समजा की सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घासघासून करतात आणि तो तोंडात धरला की माणूस अर्धा तास मुका होतो. दाताच्या डॉक्टरांनी गालाच्या आत एक पांढरा चट्टा दाखवला त्या दिवसापासून मी घरात खर्रा बंद केला होता. म्हणजे... मला वाटत होतं की बंद केला होता.

हे रिटायर झाले तेव्हा आमच्या मुलीने, शर्वरीने, पुण्याहून आम्हाला मालवणची सहल भेट दिली. वर एक खास गोष्ट — खोल समुद्रात गळाने मासे पकडायची, फक्त आमच्या दोघांसाठी एक अख्खी बोट. मोठा रॉड, मोठा मासा, फोटो काढायचा आणि मासा परत पाण्यात सोडून द्यायचा. हे शेवटचं ऐकून यांना धक्काच बसला.

"सोडून द्याचा? मंग पकडाचा कायले?"

तरी आठ दिवस आधीपासून बॅग भरून तयार. मालवणला आम्ही एका घरगुती लॉजमध्ये उतरलो. बोटीच्या दिवशी पहाटे मी आंघोळीला गेले होते, आणि बाहेर गॅलरीत यांनी सगळी लॉज उठवली — "अवं! अवं! माहा दुपट्टा कुठी हाये?" उन्हासाठी डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय नागपूरचा माणूस बाहेर पडत नाही, हे खरं. पण शेजारच्या दोन खोल्यांची दारं उघडली, कोणीतरी खिदळलं, आणि माझं डोकंच फिरलं.

"आज दिवसभर मले अवं म्हणाचं नाही," मी म्हटलं. "एक दिवस! मले नाव हाये."

त्यांना लागलं. चेहऱ्यावरून कळलं, पण मी माघार घेतली नाही.

"बरं, मॅडम," ते म्हणाले. त्यानंतर चहा मॅडम, चप्पल मॅडम, रिक्षा आली मॅडम. बोटीवर पाय ठेवला तेव्हाही मी मॅडमच होते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बोटवाल्याचं नाव बाबल. चाळिशीचा, बोट स्वतःची, कमी बोलणारा. मागे दोन इंजिनं, पुढे कापडी छप्पर, आणि छपराखाली चाकाजवळ वायरलेसचा सेट. बोटीवर आम्ही तिघंच. बाबलने आम्हाला लाइफ जॅकेट घालायला लावली आणि किनारा दिसेनासा होईपर्यंत बोट नेली. मी छपराखालची दांडी घट्ट धरून बसले होते. तलाव पाहत मोठी झालेली बाई मी, चारी बाजूंना पाणीच पाणी म्हणजे काय ते पुस्तकातच वाचलेलं. दोन तासांत एकदा सुरमई लागली, रीळ करकरत सुटलं, हे लहान पोरासारखे नाचले... आणि सुरमई सुटली.

सव्वाआठच्या सुमारास बाबलला लांबवर पाखरं घिरट्या घालताना दिसली. खाली मासा असणार म्हणून त्याने दोऱ्या गुंडाळल्या आणि बोट जोरात सोडली. हे मागच्या टोकाला उभे होते.

"मॅडम, जराकसं तिकडं तोंड करा. लघवीले जातो."

मी पुढे तोंड केलं. बाबल तर पाखरांकडेच पाहत होता. इंजिनांचा आवाज इतका, की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येऊ नये. पाच-सात मिनिटं गेली असतील. मी मनातल्या मनात सकाळचं भांडण पुढे चालवत होते. नाव घेतलं तर काय जीभ झडते का, वगैरे.

तेवढ्यात बाबलने वायरलेसचा आवाज वाढवला. मला नुसती खरखर ऐकू आली, फोडणीत ओलं काही पडल्यासारखी. त्याने कान लावला, कपाळाला आठ्या घातल्या, मग माइक उचलला आणि बोलला —

"अवं, अवं, अवं... ऐकू येतंय. पोझिशन सांगा."

मला वाटलं, मला भास झाला.

"काय म्हणाले तुम्ही?" मी ओरडून विचारलं.

"काय नाय ताई. एक बोट मघापासून पुकारतेय. अवं नावाची. नवी असणार, मी कधी ऐकलं नाय हे नाव." त्याने पुन्हा कान लावला. "पोझिशन विचारली तर म्हणतो, मांगं. मांगं पाय, मांगं पाय. ह्यां मांगं खंय आसा, काय समजत नाय."

वाचकहो, समुद्रावर बोटीला तिच्या नावाने तीन-तीनदा हाक मारतात, म्हणून त्या बिचाऱ्याला ते बोटीचं नाव वाटलं. पण 'मांगं पाय' म्हणजे 'मागे बघ', हे त्या अख्ख्या समुद्रात एकाच बाईला कळणार होतं. मी वळून पाहिलं.

मागे कोणी नव्हतं. यांचं लाइफ जॅकेट रॉड अडकवायच्या खुंटीला टांगलेलं होतं आणि बोटीबरोबर हलत होतं.

मी काय ओरडले ते आठवत नाही. बाबलने मागे पाहिलं आणि पुढच्या क्षणाला बोट गर्रकन वळली. चाकासमोरच्या जीपीएसच्या पडद्यावर आम्ही आलेल्या वाटेची रेघ उमटलेली असते, त्याने तीच उलटी धरली. "ताई, पाण्यावरून नजर काढू नका!" एवढं एकच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मी नजर काढली नाही. प्रत्येक लाट मला माणूस वाटत होती. पोहता येतं त्यांना, विहिरीत शिकलेले — पण ते चौदाव्या वर्षी, आता साठी आली. आणि मी त्यांना सांगून बसले होते की आज मला हाक मारू नका. दुसरं काही डोक्यातच येत नव्हतं. मग मी हाका मारू लागले. लग्नातला उखाणा सोडला तर एकतीस वर्षांत मीही कधी त्यांचं नाव घेतलं नव्हतं, ते त्या दिवशी समुद्रावर जोरजोरात घेतलं. "मनोहर! मनोहर!"

लाल चौकडीचा दुपट्टा आधी दिसला. मग त्याखालचं डोकं.

बाबलने दोर टाकला, पण यांच्या हातात तो धरायचीही ताकद उरली नव्हती. शेवटी त्याने वाकून त्यांच्या कमरेचा पट्टा धरला, मी शर्ट धरला आणि आम्ही दोघांनी मिळून त्यांना पोत्यासारखं आत ओढलं. चेहरा निळा, डोळे बाहेर आलेले. बाबलने पालथं घालून पाठीवर थापा मारल्या. पाणी आलं, आणि पाण्याबरोबर तपकिरी काहीतरी आलं. मला वाटलं, रक्त. मग वास आला.

खर्रा!

लघवीचं नाव सांगून, मला पुढे तोंड करायला लावून, जॅकेटखालच्या शर्टाच्या खिशातला खर्रा काढायला म्हणून जॅकेट उतरवून, हा माणूस धावत्या बोटीच्या टोकावर उभा राहून खर्रा खात होता. थुंकायला वाकले आणि गेले. मी रडत होते आणि त्याच वेळी मला इतका राग आला होता, की त्यांना परत पाण्यात ढकलावंसं वाटलं. खरंच सांगते, त्या रागाइतकं सुख मला आयुष्यात झालं नाही. माणूस जिवंत असला म्हणजेच त्याच्यावर रागावता येतं.

दहा-पंधरा मिनिटांनी ते उठून बसले. बाबलने विचारलं, "काका, वॉकीटॉकी खंय पडला?"

"कायचा वॉकीटॉकी?"

"तुमीच बोलावलं ना वायरलेसवर."

हे त्याच्याकडे पाहतच राहिले. "मी? माह्या तोंडात खर्रा होता भाऊ. पडल्या-पडल्या घशात गेला. श्वास धड नोता येत, आवाज कुठून निघन?"

"मग अवं कोण म्हणालं?"

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सकाळची बंदी मोडल्यासारखे बोलले —

"मनात म्हटलं. नुसतं मनात. अवं, मांगं पाय न वं, काहून जाऊन राहिली, असं... दुसरं काय म्हणू? मले दुसरं काई येतच नाई."

"काहून!" बाबल एकदम बोलला. "ता पण होतां! काहून म्हणजे कित्याक काय?"

मी म्हटलं, हो, 'का' असंच, आणि मला इतकं हसू फुटलं की ते थांबेना. हसता हसता पुन्हा रडू आलं. बाबलने बोट किनाऱ्याकडे वळवली.

बंदरावरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. हे दोन ब्लँकेटं गुंडाळून बसले होते. बाबल मात्र विचारात होता. मग म्हणाला, "ताई, शेवटी तो अजून एक बोलला होता. सोडतो. सोडतो वं, तुही शपथ, सोडतो. मला वाटलं, त्यांका मोठो मासो गावलो आणि आता ते तो सोडतत."

यांच्या हातातला ग्लास तोंडापर्यंत जाता जाता थांबला. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. बोटीवर नाही, किनाऱ्यावर नाही, कोणालाच नाही.

"खर्रा," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, वाचलो तं सोडतो."

आता विज्ञानाचं. बाबलने त्या चॅनेलवरच्या सगळ्या बोटींना विचारलं, त्या वेळी कोणीच बोललं नव्हतं. आमच्या भागातला आणखी कोणी पर्यटक असेल, असं मीच सुचवलं. पण त्या सकाळी तेवढ्या लांब दुसरी पर्यटकांची बोट गेलीच नव्हती. माझी एक मैत्रीण भौतिकशास्त्र शिकवते. ती म्हणाली, तुम्हा दोघांच्या तोंडून सकाळपासून ऐकलेला शब्द बाबलला खरखरीत ऐकू आल्यासारखा वाटला असेल, मेंदू असं करतो. मीही वर्गात हेच सांगितलं असतं. पण बाबलने तो शब्द ऐकलाच नव्हता! एकतीस वर्षांत एकाच दिवशी मी त्यावर बंदी घातली होती, आणि बोटीवर हे मला फक्त मॅडम म्हणत होते. मैत्रिणीला मी हे सांगितलं तेव्हा तिने विषय बदलला. उत्तर शोधायचं मी थांबवलंय, असं मात्र नाही.

खर्रा सुटला. पहिला महिना घरात भांडी आपटली गेली, पण सुटला. चट्टा कमी होतोय, असं डॉक्टर म्हणतात. तलावावर जाणं चालू आहे, आता मीही स्वेटर विणायला घेऊन बरोबर बसते. पाण्याकडे पाठ करून मात्र बसत नाही. आणि 'अवं'वरची बंदी उठली, हे सांगायला नकोच. शेजाऱ्यांनी पाहिजे तेवढी दारं उघडावीत.

फक्त एक गोष्ट हल्ली होते. मी ती शर्वरीलाही सांगितलेली नाही. परवाच मी स्वयंपाकघरात पोहे भिजवत होते, आणि बाहेर येऊन यांना विचारलं, "काय झालं? काहून बोलावलं?"

हे पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मी कुठी बोललो वं?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "चाय पाह्यजे होता, पण अजून म्हटलं नोतं."

मी चहा ठेवला.