रघुनाथची गादी

तात्यानं डायवरच्या सीटवरची गादी उचलली, काखंत मारली आणि उघड्या फळीवर पोतं टाकलं. म्हणाला, "बस ह्याच्यावर. गादी रघुनाथची हाय."

मी बसलो. खोटं कशाला सांगू, हरखून बसलो.

तात्याच्या बारामतीत दोन मालमोटारी. रघुनाथ त्याचा पुतण्या, मोठ्या गाडीचा डायवर. मी पलटणीत चार वर्षं गाडी चालवलेली, लायसन खिशात. पण राहायला महारवाड्यात. म्हणून तात्याकडं माझं काम काय, तर गाडी धुवायची आणि माल भरायचा. रघुनाथ ऐटीत चढायचा, मागं टेकून एका हातानं चाक फिरवायचा, की माझ्या पोटात दुखायला लागायचं. त्याला गिअरसुद्धा धड टाकता येत नव्हता. गाडी नुसती करकरायची. पण लाल पट्ट्यांची ती गादी त्याच्या बुडाखाली, आणि माझ्या हातात ओलं फडकं. मला त्या गादीवर बसायचं होतं. दुसरं काय बी नको होतं.

सत्तावन साली तापाची साथ आली. बघता बघता डायवर आडवे झाले. बावड्याला, अंथुर्ण्याला भाजीच्या पाट्या भरून तयार, पुण्याला न्यायला माणूस न्हाय. रघुनाथबी पडला. तवा तात्या आमच्या वस्तीच्या कडंला येऊन उभा राहिला. सात वर्षांत पहिल्यांदा त्याला माझं लायसन आठवलं.

नऊ दिवस मी पोत्यावर बसून गाडी हाकली. फळीचा खिळा मांडीत घुसायचा. वाटंवरची हॉटेलं बंद. एखादं उघडं असलं तर माझा कप बाहेर खुंटीला टांगलेला. साथीच्या भ्यानं सगळी माणसं एकमेकांपासून लांब उभी राहत होती. मला त्यात नवं काय वाटलं न्हाय.

दहाव्या दिवशी माझं अंग फणफणलं. सांगायला तात्याच्या दारात गेलो. ओसरीवर खाटंवर रघुनाथ, डोक्याखाली तीच गादी दुमडून ठेवलेली. डॉक्टर सुई देऊन नुकताच गेलेला. त्याची चुलती मोसंबी सोलून एकेक फोड त्याच्या तोंडात घालत होती, दमानं खा म्हणत होती. मला त्याच्या तापाचा हेवा वाटला. हसा पाहिजे तर. ताप माझाबी तोच, हाडं माझीबी तशीच ठणकत होती. पण त्याच्या तापाला खाट होती.

तात्या माझ्याकडं न बघताच बोलला, "तुमच्या लोकांना कसला आलाय ताप? तुमी काटक. जा, गाडी भरलीय."

गेलो. दिवेघाटात डोळ्यांपुढं एकाचे दोन रस्ते झाले. छाती चाकाला टेकवून गाडी उतरवली. एक वांगं सडू दिलं न्हाय. परत आलो तर तात्यानं हातात गोमूत्राची बादली दिली. उद्यापासून रघुनाथ बसणार, जितं जितं तुझा हात लागला तितं पूस, म्हणाला. चाक, गिअर, दाराची कडी. मी सगळं पुसलं. माझ्याच हातानं. ते आठवलं की आजबी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटती.

दुसऱ्या दिवशी रघुनाथ भरली गाडी घेऊन निघाला. गावाबाहेर गेला आणि भोवळ आली म्हणून उतरला. टोमॅटोच्या पाट्या उन्हात. तात्यानं मला बोलावणं धाडलं. मी पोचलो तवा तात्या सीटवरची गादी सोडवत होता. पोतं शेजारीच पडलं होतं.

तितं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. एवढी वर्षं मला वाटायचं, रघुनाथएवढी गाडी चालवता आली की गादी मिळंल. गाडी मला त्याच्यापेक्षा चांगली येत होती. तो भोवळ येऊन रस्त्याकडंला बसला तरी गादी त्याची. मी तापात घाट उतरवला तरी पोतं माझं.

"गादी ऱ्हाऊ द्या, तात्या. मग बसतो."

"बाटंल ती."

"मग माल सडंल."

तात्यानं शिव्या घातल्या, मग वस्तीतनं उठवीन म्हणाला. पण काखंतली गादी खाली ठेवली न्हाय. दिवस कलला तसं टोमॅटोचं पाणी फळ्यांतनं रस्त्यावर ठिबकायला लागलं. ज्यानं ते पिकवलं त्याचं वाईट वाटलं. तरी मी रस्त्याकडंच्या बांधावर बसलो होतो तितनं उठलो न्हाय.

तो हेवा अजून गेलेला न्हाय. मी जाऊबी देणार न्हाय. ज्या गाडीत माझ्यासाठी पोतं टाकतील, तिच्या चाकाला मी हात लावणार न्हाय. मग साथ येऊ दे, न्हायतर अख्खी पेठ उपाशी ऱ्हाऊ दे.