मी दुरुस्त केलेली साक्ष

आमच्या चर्चमध्ये नव्याने आलेली बाई एखाद्या जुन्या सभासद बाईच्या हाती सोपवतात. जुनीने तिच्याकडून बायबलमधली वचनं पाठ करून घ्यायची, प्रार्थना करायला धीर द्यायचा आणि सहाएक महिन्यांत गुरुवारच्या भगिनी मंडळापुढे तिला साक्षीला उभं करायचं. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं, ते चारचौघींत सांगणं. मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं असल्याने हे काम माझ्याकडे आपसूक यायचं. माझ्या हाती लागलेल्या बायकांना काय वाटत असेल, हा विचार मी फारसा केला नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.

अशीच माझ्याकडे सोपवलेली एकजण टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायची. घरी तेलुगू, कारखान्यात हिंदी आणि माझ्याशी मराठी बोलायची. वाचता येत नव्हतं, म्हणून मी म्हणायचे आणि ती मागून म्हणायची. एकदा ऐकलेलं वचन पुढच्या गुरुवारी काना-मात्रा न चुकता म्हणून दाखवायची. माझ्या वर्गातल्या पहिल्या नंबराच्या पोरींनाही हे जमलं नसतं. मला ती आवडायची.

साक्षीची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, आधी मला म्हणून दाखव.

"नवरा लई प्यायचा," ती म्हणाली. "मी प्रार्थना करायला लागले. आजून बी पितोय. पन आता मला त्याचं भ्या वाटत न्हाई."

"आणि पुढे?"

"पुढं काय न्हाई, बाई. एवढंच हाय."

आमच्याकडच्या साक्षी अशा नसतात. आमच्याकडे ऑपरेशनशिवाय मुतखडा पडतो, रखडलेली सोयरीक जुळते, दारुडा बाटली फोडून चर्चला येतो. 'अजून पितोय' म्हणून खाली बसलेली बाई मी तरी पाहिली नव्हती. मी तिला समजावलं, की विश्वास म्हणजे झालंच आहे असं धरून बोलणं. तू आपली 'सोडली' म्हण.

"पन सोडली न्हाई की."

"सोडेल. देव करणारच आहे."

तिने नेहमीसारखं माझ्यामागून 'सोडली' म्हटलं.

मंडळात तिने ते चोख सांगितलं. बायका "हालेलूया" म्हणाल्या, एकीने डोळे पुसले. पाळकांच्या बायकोने माझा हात दाबून "छान तयारी करून घेतलीत" म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला चांगलंच बरं वाटलं. चहाच्या वेळी एकजण तिला कोपऱ्यात घेऊन काहीतरी विचारत होती. त्या विचारणारीच्याही घरी नवऱ्याच्या दारूची तीच रड होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यानंतरचे दोन गुरुवार ती आली नाही. तिसऱ्याला मी तिच्या घरी गेले. दुपारची वेळ होती आणि नवरा बाजेवर पडलेला. त्याला कसला वास येत होता, ते सांगायला नको. तिने मला बाहेर प्लास्टिकची खुर्ची दिली.

"त्या दिशी चहाला ती बाई मला इचारत हुती, किती उपास केलेस म्हनून," ती म्हणाली. "मी तीन म्हनले. तोंडाला आलं ते. आता ती उपास धरून बसलीया, चक्कर येऊन पडली काल. मी देवाच्या घरात खोटं बोलले, बाई. कुटल्या तोंडानं येऊ?"

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

"व्हय," ती म्हणाली.

ती 'नाही हो बाई' म्हणेल, असं मी धरून चालले होते. ते न ऐकल्याचा मला रागच आला. मग लाज वाटली.

मी तशीच उपास धरलेल्या बाईकडे गेले, तिला खरं सांगितलं आणि माझ्यासमोर भाकरी खायला लावली. पुढच्या गुरुवारी मंडळात स्वतः उभी राहिले आणि ते खोटं मी पढवलं होतं, हे सांगितलं. कोणी हालेलूया म्हटलं नाही. पाळकांच्या बायकोने घाईने पुढचं गाणं सांगितलं. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं.

तिला हे सांगायला मी त्याच संध्याकाळी गेले. आता सगळं मिटलं, पुढच्या गुरुवारपासून ये, म्हटलं.

"बाई, एक इचारू? ती वचनं बी तुमीच शिकवली की. मला काय वाचता येत न्हाई. ती तरी खरी हायेत का, का ती बी अशीच, होईल म्हनून?"

"खरी आहेत," मी म्हणाले.

"तुमी म्हनताय म्हनून?"

हे तिने टोमणा मारायला विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिला उत्तर हवं होतं, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती.