नाव नसलेली शवपेटी

आमच्या लॅबमध्ये रंगाचा टवका पडला तरी तो डबीत घालून त्यावर नंबर टाकतात. किस्से मात्र कोणी उचलून ठेवत नाही, म्हणून ते साचत जातात. माझ्याकडे सगळ्यात जास्त साचलेत ते देशपांडे काका-काकूंचे!

मी अमेरिकेत, ॲन आर्बरच्या एका छोट्या म्युझियममध्ये जुन्या वस्तूंची डागडुजी करते. गेला अख्खा हिवाळा एका इजिप्शियन शवपेटीचा सुटलेला रंग चिकटवण्यात गेला. लाकडी, पिवळीधमक, तीन हजार वर्षांची, आत कोणी नाही. तेव्हाही रेडीमेड मिळायच्या, नाव मागून लिहायचं! हिच्यावर नाव लिहायची जागा कोरीच राहिली.

आमची बॉस लिंडा म्हणाली, "हिच्यापाशी लोक थांबत नाहीत. फॉलपर्यंत, पानं गळेपर्यंत बघू, नाहीतर बेसमेंटच्या गोदामात."

माझा हिवाळा बेसमेंटमध्ये? मी पेटलेच!

*

काका जवळच्याच ट्रॉय गावचे रिटायर्ड सर्जन. दोघं दर शनिवारी व्हॉलंटियर म्हणून येतात. पहिल्याच दिवशी मी सिरिंजने रंगाखाली गोंद सोडत होते, तर माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "अगं, सिरिंज अशी धरतात होय?"

"काका, हा पेशंट कधीच गेलाय!"

"म्हणूनच. तो तक्रार करणार नाही, तर तूच नीट धर."

ते लांब गेल्यावर मी त्यांच्यासारखी धरून पाहिली. हात थरथरायचा थांबला! थँक यू म्हणायचं मात्र राहिलं.

*

काकू टूर देतात. मी त्यांना शिकवलं, पेटीवरच्या मुठी मिटलेल्या असतील तर पुरुष, तळवे उघडे असतील तर बाई. आपल्या पेटीचे उघडे आहेत.

काकूंनी पाहुण्यांना सांगितलं, "बाईचे हात कामातून मोकळे कधी होणार? मूठ मिटायला वेळ नको?"

लोक हसले. आणि थांबलेसुद्धा!

*

पेटीवर लिहिलंय, हिला हजार भाकऱ्या मिळोत. हे काकूंना वाचून दाखवणारी मीच. पुढच्या शनिवारी काचेपाशी काय? चिमुकली भाकरी, वर लोण्याचा गोळा!

"काकू, कीड लागेल ना! काही कळतं का तुम्हाला?"

सगळ्यांसमोर मी ओरडले. काकूंनी भाकरी रुमालात गुंडाळली आणि गेल्या. दोन शनिवार आल्या नाहीत. टूर बंद. पेटीपाशी पुन्हा चिटपाखरू नाही, आणि लिंडा बेसमेंटच्या यादीची वही घेऊन फिरायला लागली.

*

शेवटी ड्राइव्ह करून ट्रॉयला गेले, सॉरी म्हणायला. नेमकी सर्वपित्री. घरामागच्या डेकवर खीर-वड्यांची तीन पानं मांडलेली. एक काकांच्या घरच्यांचं, एक काकूंच्या माहेरचं.

"तिसरं कोणाचं?"

"तुझ्या पेटीतलीचं," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडे चालत नाही ना, म्हणून घरी. तिथी माहीत नाही, नाव माहीत नाही, मग आजच करायचं असतं."

पाठ केलेलं सॉरी विसरून मी त्या तिसऱ्या पानापाशी बसले.

"रडतेस काय? वडे गार होतायत!"

*

त्या शनिवारी काकू आल्या. कोऱ्या जागेपाशी उभ्या राहून पाहुण्यांना म्हणाल्या, "हिला नाव नाही. तुमच्या गेलेल्या माणसाचं एकेक नाव हिच्यापाशी घ्या. तिलाही सोबत होईल."

मग काका पुढे झाले. "सुमती. माझी आई."

एक आजोबा म्हणाले, "रूथ." एका मुलीने आपल्या कुत्र्याचं नाव घेतलं. मागे रांग लागली, पार दारापर्यंत!

रांगेच्या शेवटी लिंडा. बेसमेंटची यादी हातातच होती. तिने वही मिटली, चष्मा काढला, आणि काचेशी वाकून म्हणाली, "डॅनियल."