पहिल्या हरणाआधी मला विचारलंत म्हणून

गाव सोडलं त्या सकाळी जीप अंगणात उभी होती आणि मी घरामागच्या रानात. प्रकाश हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. प्रकाश माझा मुलगा, इथं विलायतेत हॉस्पिटलात डॉक्टर. बायको गेल्यावर वर्षभर मी कोकणात एकटा राहून दाखवलं, पण त्यानं कागदपत्रं करून मला न्यायचंच ठरवलं. शेवटी तो रानात शोधत आला. "बाबा, फ्लाइट आपल्यासाठी थांबणार नाही." मी म्हटलं, "मग जाऊ दे की तिला." पण गेलो. पुतण्याच्या हातात किल्ली ठेवली आणि "विहिरीवर झाकण ठेव" एवढंच बोललो. 

चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. चुका असतील, कुणी सुधारू नका. मंडळाच्या गणपतीत पुण्याच्या दोघातिघांनी गाठलं, "काका, या सीझनला आम्हालाही डिअर स्टॉकिंग करायचंय. टिप्स द्या ना." डिअर स्टॉकिंग म्हणजे दबकत जाऊन केलेली हरणाची शिकार. टिप्स मला माहीत नाहीत. जे माहीत आहे ते लिहितो. गावची मंडळीही वाचतील, त्यांनी हसू नये.

स्टॅनमोरला आमचं घर सकाळी साडेसातला रिकामं होतं. शेजारी कुंपणावरून "यू ऑलराइट?" विचारतो. पहिल्या वर्षी मी उत्तर जुळवत उभा राहायचो, गुडघा कसा आहे, झोप लागली का. तोवर तो गाडीत बसलेला असायचा. गावात असं विचारणारा उत्तर ऐकून, चहा पिऊन, वर स्वतःचं दुखणं सांगून मग उठायचा. इथं बसनं वेम्बलीला जाऊन कढीपत्ता आणायचा, म्हणजे निदान दुकानदाराशी चार शब्द होतात. तोही घाईत.

दुसऱ्या हिवाळ्यात कॉमनच्या, म्हणजे घराजवळच्या सगळ्यांसाठी खुल्या रानाच्या, झाडीत भेकर भुंकलं. मी जागीच थांबलो. भेकर म्हणजे छोटं हरीण, कुत्र्यासारखं भुंकतं. आमच्या रानात रोज ऐकलेलं. प्रकाशनं फोनमध्ये बघून सांगितलं की इथलं चीनकडचं, आपल्यापेक्षा बारकं, त्याला मंटजॅक म्हणतात. म्हणू देत. त्यालाही म्हणे कुणीतरी आणूनच सोडलंय इथं.

त्या दिवशी जेवताना मी बापाबरोबरच्या शिकारीच्या गोष्टी काढल्या. मला नुकतं मिसरूड फुटलं होतं तेव्हा कायदा आला, बंदुका जमा झाल्या, आम्ही सोडलं. बरंच झालं, नाहीतर रानात काही उरलं नसतं. इथं उलटं आहे. हरणं इतकी वाढलीत की कोवळी झाडं टिकू देत नाहीत, शेतकरीच बोलावतात. लहानपणी माझ्यामागं कधी रानात न आलेला प्रकाश म्हणाला, "शिकू का मी?" त्याला रान हवं होतं की माझ्याशी बोलायला विषय, हे मी विचारलं नाही.

आता कामाचं. आधी जमिनीच्या मालकाची परवानगी, लेखी. मग परवान्यासाठी पोलीस घरी येऊन चौकशी करतात, बंदुकीचं लोखंडी कपाट भिंतीत ठोकावं लागतं. त्याची किल्ली कुठं आहे हे परवानेवाल्याशिवाय कुणालाच माहीत नसावं, असा इथला नियम. म्हणजे माझ्याच मुलाच्या घरात एक किल्ली माझ्यापासून लपवलेली आहे. मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. तुमचे वडील घरात असतील तर त्यांना हे आधी सांगा.

सीझनच्या आधी महिनाभर नुसतं बघायला जा. कुठं चरतं, कुठून कुंपण ओलांडतं. माझा बाप म्हणायचा, "वारा तोंडावर घे आणि तोंड बंद ठेव." जॅकेट महागडं नको, मऊ घ्या, चेनचा आवाज शंभर पावलांवर जातो. टेकाडाच्या माथ्यावर, आभाळाला लागून उभ्या जनावरावर कधीही गोळी झाडू नका. गोळी अडायला मागं माती पाहिजे. फॅलो जातीची मादी नोव्हेंबर ते मार्च मारता येते, मंटजॅक बारा महिने, पण पिल्लाला पाजणारीला सोडायचं. मनात शंका असेल तर बोट घोड्यावर ठेवूच नका, घरी या. रिकाम्या हातानं परत येण्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट मी चुकलो. ती लिहिल्याशिवाय वरचं सगळं खोटं.

मागच्या नोव्हेंबरात प्रकाशची पहिली सकाळ. माइक नावाचा तिथला जुना शिकारी त्याला घेऊन मचाणावर बसला, मी खाली कुंपणाशी. धुकं होतं. गोळी सुटली, मादीनं उडी घेतली आणि दिसेनाशी झाली. आम्ही पंधरा मिनिटं थांबलो. तिथपर्यंत बरोबर. त्यानंतर जनावर जिथं उभं होतं तिथं जायचं, रक्त आणि केस बघायचे, मग पाऊल पाऊल पुढं. माइक तिकडंच निघाला होता. मी म्हटलं, "रक्त कशाला शोधता? मी पडताना ऐकलंय तिला. डावीकडं, ओढ्याला." प्रकाशनं त्याला माझ्याबद्दल काय काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे. माइक हसून बाजूला झाला. "आफ्टर यू, सर." इथं आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्यामागून चाललं.

अर्धा तास मी त्यांना ओढ्याकाठी फिरवलं. रक्ताचा थेंब नाही. मग माइक मागं फिरला, त्यानं आपली कुत्री मूळ जागेवर सोडली. ती सरळ उजवीकडं गेली. मादी नेच्यांच्या दाटीत पडलेली, पोटात गोळी. जिवंत. मान उचलून आमच्याकडं बघत होती. माइकनं दुसरी गोळी घातली. आणखी अर्धा तास ते जनावर तसं तळमळलं, माझ्या तोऱ्यापायी.

परतताना गाडीत मी म्हटलं, "माझा डावा कान गेलाय. एकाच कानानं ऐकू येतं, पण आवाज कुठून आला ते कळत नाही."

प्रकाश समोर बघत गाडी चालवत होता. "माहिताय बाबा."

"कधीपासून?"

"तुम्ही आलात त्या आठवड्यापासून. डायनिंग टेबलवर मी खुर्ची बदलली ती काय खिडकीसाठी? तुमच्या उजवीकडं बसतोय मी रोज."

"मग तिथं बोलला का नाहीस, गाढवा?"

"माइकसमोर तुम्हाला खोटं पाडायचं? तो सर म्हणत होता तुम्हाला." मग गिअर बदलत म्हणाला, "बोलायला हवं होतं. शॉट माझा होता."

तेव्हा नव्यानं जाणाऱ्यांनो, ज्याला ऐकू येत नाही त्यानं वाट दाखवू नये, आणि ज्याला ते ठाऊक आहे त्यानं मान राखायला गप्प बसू नये.

पुतण्या फोनवर विचारतो, "काका, घरी कधी येताय?" मी म्हणतो, बघू. गावात कान गेल्याचं कुणालाच कळलं नव्हतं. हाक आली की मी भलतीकडं वळायचो आणि लोक म्हणायचे, म्हातारा तंद्रीत आहे. सत्तर वर्षं त्यालाच घर म्हणत आलो, आणि त्या हाका अजूनही हव्याशा वाटतात. इथं दिवसभर कुणी हाक मारत नाही. संध्याकाळी एक माणूस येतो, खुर्ची ओढतो, उजवीकडं बसतो. आम्ही फार बोलतो असंही नाही. घर म्हणाल तर आता तेवढंच, एका खुर्चीएवढं.