ताटातल्या तांदळातलं नाव

दवाखान्यात माझंच नाव पुकारत होते आणि मी शेजारच्या बाईला म्हणत होते, "कैसे लोग हैं, नंबर लगाकर टहलने चले जाते हैं." मूर्खपणाचा माझा अनुभव दांडगा आहे, पण हा त्यातलाही वरचा.

लखनौतल्या जानकीपुरमचा दवाखाना. छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आज कळायचा होता. काउंटरवरच्या मुलीने कंटाळून पुढच्या पेशंटला आत सोडलं. बराच वेळ गेला तशी मी तणतणत तक्रार करायला गेले. तिने फाइल माझ्यापुढे धरली. वर माझं माहेरचं नाव. शाळेच्या दाखल्यावरून ते आधार कार्डावर आलं, तेवढंच ते शिल्लक होतं.

लग्नात सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तेव्हाच्या माझ्यातल्या बावळट मुलीने काय दिवे लावले असते? ती आरशासमोर उभी राहून नवं नाव म्हणून बघत होती, बक्षीस मिळाल्यासारखं. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा भात झाला. मीच वाढला.

पुढे यांची रेल्वेतली नोकरी, बदल्या, सासूबाईंची पथ्यं. लखनौच्या शेजारणी विचारायच्या, "आपको क्या पसंद है?" मी सुरुवात करायची, "इनको तो..."

कार्डावरचं नाव कुठेही पुकारलं की हेच उठायचे. मागच्या हिवाळ्यात हे गेले. ते नाव ऐकणारं आता कुणी उरलं नाही.

शेवटी मी आत गेले. रिपोर्ट वाईट होता. या वयात ऑपरेशन सोपं नाही, म्हणाले डॉक्टर. "आप क्या चाहती हैं?"

सवयीने मी शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. रिकामी होती. मुलाला विचारून सांगते, असं ओठांवर आलं होतं. ते गिळलं.

"करवाना है."

आवाज इतका बारीक निघाला की डॉक्टरांनी परत विचारलं. मी परत सांगितलं.

बाहेर ऑपरेशनची तारीख द्यायला काउंटरवरच्या मुलीने पुन्हा ते नाव पुकारलं. मी हात वर केला. मघाची शेजारची बाई पानाचा तोबरा गालात सरकवून माझ्याकडे बघतच राहिली.

"अच्छा, तो वो आप ही थीं? हम तो समझे, मर-मरा गई बेचारी."