उजवा कौल आणि दोन पिशव्या

"तुमच्या पोटात फुगा आहे," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी हसलो. मुतखड्याच्या संशयावरून कुडाळला सोनोग्राफी करायला गेलो होतो. ते हसले नाहीत. अ‍ॅओर्टिक अ‍ॅन्युरिझम, म्हणजे हृदयाकडून पोटात उतरणारी मुख्य रक्तवाहिनी एका जागी फुगलेली. फुटली तर बहुतेक माणूस इस्पितळापर्यंत पोचत नाही. या फुग्याचं मात्र मला काहीच दुखत नव्हतं. ओरोसच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी केली, जे बोंबलत नाही ते प्रकरण ढिगाच्या तळाशी, ही सवय.

गोव्यातल्या मोठ्या इस्पितळात ईव्हार करायचं ठरलं. पोट न फाडता जांघेतल्या धमनीतून नळी सरकवतात आणि फुगलेल्या जागी आतून स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे जाळीचं कापडी अस्तर, बसवतात. सर्जनबाई म्हणाल्या, "पोट फाडत नाही म्हणजे रक्त जाणारच नाही असं समजू नका. तुमचा गट बी निगेटिव्ह, सहज मिळत नाही. दोन रक्तदाते आधी आणा."

पुतण्या दत्ता आणि कचेरीतला एक जुना सहकारी, दोघेही माझ्याच गटाचे, तयार होते. पण आमच्या गावात देवाचा कौल घेतल्याशिवाय विहीरसुद्धा खणत नाहीत. गुरवाने देवाला पाकळ्या चिकटवल्या, मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं आणि उजवीकडची पाकळी आधी पडली. उजवा कौल. सगळं सुखरूप होणार. मी दोघांनाही फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. देवाने होकार दिल्यावर रक्ताची तजवीज करणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास, असं बायकोला, सुनंदाला, ऐकवलं. खरं कारण वेगळं होतं. कोणाचे उपकार नको होते.

सुनंदा म्हणाली, "कौल ऑपरेशनचो घेतलास. रगताचो खंय घेतलास?"

मी तिला गप्प केलं. वॉर्डात विचारलं तेव्हा दाते सकाळी येतायत असं बेधडक सांगितलं. थापेबाजीचा अनुभव दांडगा होता.

शेजारच्या खाटेवर मालवणचा जगन होता, किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारा. त्यालाही तोच आजार, रक्तगटही तोच. त्याचं ऑपरेशन माझ्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी होतं. त्याच्या भावाने आणि चुलतभावाने येऊन त्याच्यासाठी दोन पिशव्या रक्त देऊन ठेवलं होतं. त्याची बायको यशोदा सुनंदाला रोज आपल्यातली पेज द्यायची. मी जगनला कौलाची गोष्ट रंगवून सांगितली. तो म्हणाला, "देव काय हात फुडे करूचो नाय, सायबानु. रगात माणसाचाच लागता."

माझ्या ऑपरेशनमध्ये नळी मागे घेताना जांघेच्या वरची धमनी फाटली. हे मला नंतर कळलं. रक्त पोटात साचत गेलं, ब्लड प्रेशर कोसळलं. ट्रान्सफ्युजन, म्हणजे दुसऱ्याचं रक्त शिरेतून चढवणं, लगेच सुरू झालं. रक्तपेढीत माझ्या गटाची एकच पिशवी होती. चालण्यासारखी ओ निगेटिव्ह होती तीही संपली. उरल्या त्या जगनच्या नावाच्या दोन.

डॉक्टर त्याला विचारायला वॉर्डात गेले. सुनंदा तिथेच भिंतीला टेकून उभी होती. त्याने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तेंका घाला. मी खंय पळान जातंय?"

मी वाचलो. जगनचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. त्याच्या भावांनी नुकतंच रक्त दिलेलं, त्यामुळे तीन महिने त्यांचं घेता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मला बोलता यायला लागलं तेव्हा सुनंदाने सगळं सांगितलं. मी दत्ताला फोन लावला. येऊ नको म्हटल्यामुळे तो बायकोच्या माहेरी कोल्हापूरला गेला होता. उद्या दुपारपर्यंत पोचतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जगनने पाठ दुखते म्हणून यशोदेला हाक मारली. मी दोन हातांच्या अंतरावर पडून बघत होतो. तो घामाने भिजला, पांढरा पडला. त्याचा फुगा फुटला होता. त्याला धावत थिएटरकडे नेलं, पण तो दारापर्यंतच जिवंत होता. दत्ता दुपारी आला तेव्हा खाटेवर नवीन चादर घालत होते.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना एवढंच सांगतो. देवाला जरूर विचारा, पण दाते आधी उभे करा, आणि डॉक्टरांशी खोटं बोलू नका. तुमच्या खोट्याची किंमत तुम्हीच मोजाल असं नाही.

आता माझा स्कॅन स्वच्छ आहे. गावात सगळे म्हणतात, कौल खरा झाला. झालाच की. नाही कुठल्या तोंडाने म्हणू?

महिन्याभराने नारळ आणि लुगडं घेऊन मालवणला गेलो. यशोदा पडवीत बसली होती. मी हात जोडले, चुकलो म्हणालो. तुमच्या माणसामुळे मी आहे म्हणालो. ती बराच वेळ माझ्या पोटाकडे बघत होती.

"तुमी देवाक विचारलास," ती म्हणाली. "माझ्या घोवाक डॉक्टरान विचारल्यान."

मग आत जाऊन तिने मला पाणी आणून दिलं, आणि मी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली.